सोरायसिस, पहाटेची पाठदुखी आणि 'मणक्यातली गॅप'

रानजाई

धागा आरोग्य विभागात काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. वय ३४, सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात लॅबमध्ये नोकरी, हंगामात पाळ्या. डोक्यात आणि कानामागे खवले कॉलेजात असल्यापासून. न्हाव्यापासून आत्यापर्यंत सगळे त्याला कोंडाच म्हणायचे. पुढे कोपरांवर लाल चट्टे उठले तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी सोरायसिस सांगितला. गेल्या वर्षी उजव्या पायाचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत अख्खं सुजलं, नखांवर बारीक खड्डे दिसू लागले. मग मिथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू झालं, आठवड्यातून एकदा. बोट उतरलं, चट्टेही पुसट झाले. सगळ्यांना हायसं वाटलं.

पण पाठ काही ऐकेना. पहाटे तीन-चारच्या सुमारास कुल्ल्यात खोल दुखून जाग येते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. उठून अंगणात फेऱ्या मारल्या की उतरतं. सकाळी वाकून मोजे घालणं जमत नाही, दहा वाजेपर्यंत गडी जरा मोकळा होतो. आता मानही आखडलीय. हाक मारली की अख्खा वळतो.

हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला. त्यात एका चकतीला किरकोळ फुगवटा. 'मणक्यात गॅप कमी झालीय', पट्टा लावा, शेक घ्या, तीन आठवडे पडून राहा. पडून राहिलं की जास्तच दुखतं! रक्तात एचएलए-बी२७ ही आनुवंशिक खूण निगेटिव्ह, सूज दाखवणारा सीआरपी नॉर्मल, म्हणून 'वाताचं काही नाही' असा शेरा. त्वचेचे डॉक्टर म्हणतात पाठीसाठी हाडवाल्यांकडेच जा.

बोटाला लागू पडलेलं औषध पाठीला का लागू पडू नये? की ही दोन वेगळी दुखणी आहेत? एमआरआय पुन्हा करायचा म्हणजे परत तेवढा खर्च. आणि कारखान्यातले एक गृहस्थ त्याला मिरजेकडच्या कुणा 'मान मोडून देणाऱ्या'कडे न्यायला टपलेत. कुणाला अनुभव असेल तर लिहा.

मुद्देसूद

ताई, पाठ कुणाची दुखत नाही? पाळ्यांची नोकरी, दिवसभर उभं काम, वर आपले रस्ते. रक्त नॉर्मल, एमआरआयमध्ये किरकोळ चकती. दोन डॉक्टरांनी काही नाही म्हटलंय तर आपण आंतरजालावरून रोग का लावून घ्यायचा? पट्टा सोडून सूर्यनमस्कार सुरू करा म्हणावं.

गोधडी

वाचतेय. माझ्या नणदेला सोरायसिस आहे आणि तिचीही कंबर धरते. तिला कुणी कधी यातलं काही विचारलंच नाही.

टेकडीवरचा

रानजाई, तुमच्या भावाचं वर्णन वाचून मी बायकोला हाक मारून मोबाइल दाखवला. ती म्हणाली, हे तूच लिहिलंयस का?

ठाण्यात राहतो, वय ४६. माझंही आधी डोक्यातले खवले, मग बेंबीत आणि बैठकीच्या घडीत चट्टे. ते मी लाजेखातर कुणाला दाखवत नसे. पाठीसाठी पट्टा, ट्रॅक्शन, शॉर्टवेव्ह, तेलमालिश, सगळं झालं. कंटाळून एका फॅमिली डॉक्टरांकडे सहज गेलो होतो. त्यांनी नखं बघितली, टाच दुखते का विचारलं आणि थेट संधिवाततज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. हाडांचे डॉक्टर आणि संधिवाततज्ज्ञ ही दोन निराळी माणसं असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हाडांचे डॉक्टर मुख्यतः मोडलेलं, झिजलेलं, ऑपरेशनचं बघतात. आपली भानगड ही प्रतिकारशक्तीच्या गोंधळातून येणाऱ्या सुजेची, म्हणजे सोरियाटिक आर्थ्रायटिसची.

मुद्देसूद, तुमचा राग येत नाही, मीही हेच ऐकलंय. फरक एवढाच, की साधी पाठ विश्रांतीनं बरी होते आणि चालल्या-वाकल्यावर बोलते. आमची पाठ उलट वागते.

मिथोट्रेक्सेटचं म्हणाल तर मीही दोन वर्षं घेतलं. हाताची बोटं सुधारली, पाठ जिथल्या तिथे. पुढचं जाणकार सांगतील.

कडुलिंब

मी याच विषयात काम करतो. इथून निदान करणार नाही, पण धाग्यात काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

सोरायसिस असलेल्यांपैकी साधारण ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी सांध्यांचा त्रास होतो. बहुतेकांत त्वचा आधी आणि सांधे काही वर्षांनी. या सांधेवाल्यांपैकी किती जणांचा मणका धरतो याचे आकडे फार वेगवेगळे येतात, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत, कारण 'मणका धरला' कशाला म्हणायचं यावरच एकमत नाही. कुणी दुखण्यावरून ठरवतात, कुणी एक्स-रेवरून, कुणी एमआरआयवरून. फक्त मणकाच धरलाय, बाकी सांधे ठीक, असे मात्र थोडे, पाचेक टक्के. म्हणून बोट आधी सुजलं आणि पाठ मागून आली, हा क्रम मुळीच विचित्र नाही.

आता एचएलए-बी२७. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणका हळूहळू ताठ करणारा वात, त्याच्या ८० ते ९० टक्के रुग्णांत ही खूण सापडते, त्यामुळे डॉक्टरांच्याही डोक्यात तीच पक्की बसलेली असते. सोरायसिसबरोबरच्या मणक्याच्या आजारात ती बऱ्याच कमी जणांत, बहुतेक अभ्यासांत निम्म्याहूनही कमी जणांत सापडते. निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही. सीआरपीचंही तेच, मणक्यात सूज असूनही तो नॉर्मल राहू शकतो.

एमआरआय कमरेचा झालाय, पण ज्या सांध्याची शंका आहे तो त्यात नीट दिसतच नाही. पाठीचा कणा जिथे ओटीपोटाच्या हाडांना भेटतो ते दोन एसआय जॉइंट वेगळ्या तिरक्या छेदांनी बघावे लागतात आणि हाडातली सूज दिसणारी 'स्टर' नावाची प्रतिमा काढावी लागते. त्यासाठी शिरेतून औषध टोचायची गरज सहसा नसते. चिठ्ठीवर 'एसआय जॉइंट' आणि शंका काय आहे हे लिहिलेलं असलं की रेडिओलॉजिस्ट त्या नजरेनं बघतो. आधी ओटीपोटाचा आणि मानेचा साधा एक्स-रे काढला तरी चालतो, तो स्वस्त पडतो. फक्त त्यात बदल दिसायला वर्षं जातात, म्हणून स्वच्छ एक्स-रेनं निर्धास्त होऊ नये.

एक इशारा. एकाच बाजूचा एसआय सांधा सुजलेला दिसला तर आपल्याकडे टीबीचाही विचार करावा लागतो. ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मान मोडून घेण्याला माझा स्पष्ट नकार. सोरायसिसमध्ये मानेचे मणके बऱ्यापैकी धरतात. कुठे हाड जुळत आलेलं असतं, तर कुठे वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल झालेले असतात. एक्स-रे न बघता अशा मानेला झटका देणं म्हणजे मज्जारज्जूशी खेळ आहे.

मुद्देसूद

माहितीबद्दल आभार. पण मग प्रत्येक सोरायसिसवाल्याच्या पाठदुखीला एमआरआय करत सुटायचं का?

कडुलिंब

नाही, आणि तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पुण्याजवळ भिगवणला १९९६ साली गावकऱ्यांच्या हाडा-सांध्यांच्या दुखण्याची मोठी पाहणी सुरू झाली. तिथेही बहुतेकांची दुखणी साधी, ठोस नाव न देता येणारीच निघाली. सोरायसिस असलेल्या माणसाची चकतीही सरकू शकते. लठ्ठपणा आणि मधुमेह या लोकांत जास्त, त्यामुळे 'डिश' म्हणून एक प्रकार असतो तोही दिसतो. त्यात मणक्यांच्या पुढून हाडाचा थर चढतो, पण सूज नसते. एक्स-रेवर 'हाड वाढलंय' एवढंच वाचून फसायला होतं.

म्हणून आधी प्रश्न विचारायचे. चाळिशीच्या आत सुरू झालं का, हळूहळू आलं का, हालचालीनं बरं वाटतं का, विश्रांतीनं वाटत नाही ना, रात्री उठवतं का. पाचपैकी चार 'हो' आले तर पुढे जायचं. भावाचे मला वाचूनच चार तरी दिसतात.

अटकेपार

इंग्लंडातल्या लीड्सहून लिहितोय. या शहराचा विषयाशी जुना संबंध आहे म्हणून राहवलं नाही. इथले व्हर्ना राइट आणि त्यांचे सहकारी मोल यांनी १९७३ साली सोरियाटिक आर्थ्रायटिसचे पाच प्रकार मांडले आणि त्यात मणक्याला स्वतंत्र जागा दिली. त्याआधी बरेच जण याला आमवात आणि शेजारी योगायोगानं आलेला सोरायसिस समजत.

उपचारांचे नियम ठरवणाऱ्या इथल्या नाइस संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत सरळ लिहिलंय, की केवळ बी२७ निगेटिव्ह किंवा सीआरपी नॉर्मल म्हणून मणक्याच्या सुजेच्या आजारांचा हा गट नाकारू नका. तरीही माझ्या बायकोला इथे वर्षभर फिजिओच्या रांगेत काढावं लागलं. तेव्हा परदेशात सगळं झटपट होतं असं मनात असेल तर काढून टाका.

ओसरी

बायकांचं एक वेगळंच. माझी पाठ पहिल्या बाळंतपणानंतर सुरू झाली. सासरी-माहेरी एकच उत्तर, 'बाळंतपणात कंबर नीट शेकली नसशील.' डॉक्टरही तेच म्हणाले, जरा इंग्रजीतून. तळपायांवर सोरायसिस होता, त्याला सगळे भेगा म्हणायचे. मूल चार वर्षांचं झालं तरी पहाटेचं दुखणं हटेना, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. हा पुरुषांचा आजार आहे असं एका डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

कडुलिंब

ओसरीताई, तो जुना समज अँकिलोझिंगवरून आलेला आहे. सोरायसिसच्या मणक्यात बायका आणि पुरुष बरेचसे बरोबरीनं दिसतात. मात्र दुसरी बाजूही सांगतो. बाळंतपणानंतर काही महिने एसआय सांध्यालगतच्या हाडात एमआरआयवर सूज दिसणं निरोगी बायकांतही सर्रास आढळतं. नुसत्या रिपोर्टावरून कुणाला रोगी ठरवू नये, ते याचसाठी. नखं, त्वचा, टाचा, घरातला इतिहास आणि चित्र हे सगळं एकत्र बघावं लागतं.

रानजाई, मिथोट्रेक्सेटचा तुमचा प्रश्न राहिला होता. मिथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड ही औषधं हातापायांच्या सांध्यांवर चालतात, मणक्यावर त्यांचा फारसा उपयोग दिसलेला नाही. बोट बरं झालं म्हणून आजार आटोक्यात आला असं धरून चाललं, की पाठ मागे राहते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सहज निसटणारी गोष्ट हीच. रुग्ण म्हणतो औषध चालू आहे, डॉक्टर म्हणतात सांधे उतरलेत, आणि मानेबद्दल कुणी विचारत नाही.

मणक्यासाठी पहिली पायरी सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांची. नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब वगैरे. पण पुरेशा मात्रेत, काही आठवडे नेमानं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुखलं की एक गोळी, असं करून ती लागू पडते की नाही हे कळतच नाही. आधीच मिथोट्रेक्सेट चालू असल्यानं मूत्रपिंड, यकृत, रक्तदाब यांवर नजर ठेवावी लागेल. दोन वेगवेगळ्या गोळ्यांनी काम झालं नाही तर बायोलॉजिकल इंजेक्शनं, म्हणजे सूज पेटवणारं शरीरातलं एखादं ठरावीक प्रथिन रोखणारी. एक गट टीएनएफ नावाचं प्रथिन रोखणारा, म्हणजे अडालिमुमॅब, इटानरसेप्ट वगैरे. दुसरा आयएल-१७ हे प्रथिन रोखणारा, सेक्युकिनुमॅबसारखा. या दुसऱ्या गटाचा खास सोरायसिसच्या मणक्यासाठी 'मॅक्सिमाइझ' नावाचा अभ्यास २०२१ साली छापून आला. जवळजवळ ५०० रुग्ण, सगळ्यांना आधी दोन वेदनाशामकं अपुरी पडलेली. १२ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांतल्या ६३ ते ६६ टक्के लोकांना ठरलेल्या मोजमापानुसार फरक पडला, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांना. म्हणजे चमत्कार नाही, पण दुप्पट.

भाकरतुकडा

हे सगळं ठीक आहे हो, पण पैसे? इंजेक्शनं आयुष्यभर घ्यायची म्हणजे घर विकायचं का? आमच्या गावात एक जण पुडी देतात, आठवड्याला शे-दोनशे रुपये. खाल्ल्या दिवशी माणूस पळायला लागतो. मी स्वतः बघितलंय.

टेकडीवरचा

पुडी खाल्ल्या दिवशी पळायला लागलेला माणूस मीही बघितलाय. पुडी बंद केल्यावर त्याला दवाखान्यात उचलून न्यावं लागलं.

कडुलिंब

अशा बिनलेबलच्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड निघतं. सोरायसिसमध्ये ते पोटातून घेऊन अचानक थांबवलं, तर अंगभर लाली येऊन पू भरलेले बारीक फोड उठू शकतात. तो जिवावरचा प्रकार असतो. मणक्यासाठी तोंडावाटे दीर्घकाळ स्टिरॉइड कुणी तज्ज्ञ सुचवतही नाही. आयुर्वेदावर माझं भांडण नाही, नाव आणि घटक न लिहिलेल्या पुडीवर आहे.

टेकडीवरचा

पैशांचं मी सांगतो. अडालिमुमॅबची जगातली पहिली नक्कल, म्हणजे बायोसिमिलर, २०१४ च्या डिसेंबरात आपल्याच अहमदाबादच्या झायडसनं बाजारात आणली, एक्झेम्प्टिया नावानं. त्यानंतर आणखी कंपन्या आल्या आणि किमती उतरल्या. तरी महाग आहेच, नाही म्हणत नाही. कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजना असतात, ठरावीक इंजेक्शनांवर एखादं फुकट वगैरे. डॉक्टरांच्या स्वागतकक्षात विचारा, आपणहून कुणी सांगत नाही. विम्याबद्दल विमा प्राधिकरणाच्या २०१९ च्या सूचनेत मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन वगळू नये असं आलंय, पण पॉलिसीत मर्यादा घातलेली असू शकते. शिवाय घरी टोचून घेतलं तर दावा अडतो. दाखल करून घ्यायचं की डे-केअर, हे आधी लेखी विचारा. मी यात बरीच पत्रापत्री केलीय.

आणि सगळ्यांचं इंजेक्शन जन्मभर दर पंधरवड्याला असं नसतं. आजार शांत झाल्यावर माझ्या डॉक्टरांनी अंतर वाढवलं. ते त्यांनी ठरवलं, मी नाही.

हो, सुरू करण्याआधी टीबीची तपासणी. छातीचा एक्स-रे आणि रक्ताची इग्रा चाचणी. नुसत्या माँटूवर, म्हणजे कातडीत टोचून करायच्या चाचणीवर, आपल्याकडे बीसीजी लसीमुळे गोंधळ होतो. माझी इग्रा पॉझिटिव्ह आली, सुप्त टीबी. आधी महिनाभर आयसोनायझिड या टीबीच्या गोळ्या, मग इंजेक्शन, आणि गोळ्या पुढे चालूच. कंटाळा येतो, पण ती पायरी गाळू नका. कावीळ बी आणि सी तपासतात, तीही करून घ्या.

कडुलिंब

+१. जंतांचं औषध बळजबरीनं पाजणाऱ्या आजीइतका आग्रह मी टीबीच्या चाचणीसाठी धरतो! टीएनएफ रोखल्यावर झोपलेला टीबी जागा होण्याची भीती खरी आहे. आयएल-१७ मध्ये ती बरीच कमी, पण आतड्याचा सुजेचा आजार असेल, जुलाबातून रक्त जात असेल, तर तो गट टाळतात. टोफासिटिनिब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाच्या गोळ्या आपल्याकडे स्वस्त झाल्यात, पण त्यांनी नागीण उठण्याचं प्रमाण वाढतं. पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्यांत जपून.

पाणवठा

मी फिजिओ, कोल्हापूर. विश्रांती आणि पट्टा या दोन गोष्टींनी या रुग्णांचं फार नुकसान होतं. पट्टा काढा. उठल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, मग व्यायाम, हा क्रम चांगला जमतो. रोज पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपायचं, उशी पातळ, खोल श्वास घेऊन छाती फुगवायची. सांगलीकर आहेत तर पोहता येत असेलच, पोहण्यासारखं दुसरं काही नाही. पण पावसाळ्यात कृष्णेत उडी मारू नका, तलावात जा. सूर्यनमस्कार हळूहळू चालतील. शीर्षासन, हलासन नको. मानेवर भार येईल असं काहीच नको.

एक घरगुती मोजणी. टाचा भिंतीला लावून ताठ उभं राहायचं, डोकं भिंतीला टेकतं का बघायचं. टेकत नसेल तर अंतर मोजून लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं.

रानजाई

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी. सगळ्यांचे मनापासून आभार.

भावाला पुण्यात संधिवाततज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आधी बूट काढायला लावले, टाचा दाबल्या, मग केस बाजूला करून डोकं बघितलं. पाठीला हात शेवटी लावला. एसआय जॉइंटच्या एमआरआयमध्ये दोन्हीकडे सूज आहे, उजवीकडे बरीच जास्त. मानेच्या एक्स-रेत मणक्यांच्या कडेला जाडसर, एकाच बाजूला हाड आलेलं दिसलं. असं ओबडधोबड आणि एकांगी हाड सोरायसिसमध्ये येतं, अँकिलोझिंगमध्ये सहसा बारीक आणि दोन्हीकडे सारखं येतं, असं त्यांनी चित्र काढून दाखवलं. भिंतीपासून डोकं तीन बोटं लांब राहतंय.

नेप्रोक्सेन पूर्ण मात्रेत सुरू आहे. पहाटेची जाग कमी झालीय, मान तशीच. मिथोट्रेक्सेट बोटांसाठी चालू ठेवलंय. महिन्याभरानं ठरवतील, तोवर इग्रा करायला सांगितलीय. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जायचं, थेंब मनानं घालायचे नाहीत, हेही बजावलंय. वजन उतरवायला आणि तंबाखू सोडायला सांगितलंय. तंबाखूवरून आमच्याकडे महाभारत चालू आहे.

मान मोडणाऱ्यांचा विषय बंद झाला. ते गृहस्थ मात्र भावावर रुसलेत.

मुद्देसूद

चांगली बातमी. माझ्या साडूला कोपरांवर चट्टे आहेत आणि तो कायम 'स्लिप डिस्क, स्लिप डिस्क' करत असतो. त्याला धागा पाठवलाय.

गोधडी

नणदेची वेळ घेतली. वाचनखूण साठवली आहे.

भाकरतुकडा

एक बारका प्रश्न. इंजेक्शन थंड ठेवावं लागतं म्हणतात. पुण्याहून सांगलीला एसटीनं न्यायचं झालं तर?

टेकडीवरचा

२ ते ८ अंश सेल्सियस. लसीचे मिळतात तसला छोटा थर्मासचा डबा घ्या, आत जेलपॅक, पण पॅक आणि इंजेक्शन एकमेकांना टेकू देऊ नका, मध्ये टॉवेल घाला. गोठलं तर वाया गेलं, वितळवून वापरायचं नाही. घरी फ्रिजच्या दारात नको, तिथे तापमान वरखाली होतं. फ्रीजरच्या लगेच खालीही नको. मधला कप्पा. लाइट गेली तर किती वेळ बाहेर चालतं हे प्रत्येक कंपनीच्या कागदावर वेगळं असतं, तो कागद फेकू नका.